साळवे सिस्टरांच्या बारा सुया

साळवे सिस्टरांच्या घरातून बाहेर पडायचं असेल तर आधी सुया मोजून द्याव्या लागतात. मोजणी जुळत नाही तोवर दाराची कडी निघत नाही. एकदा आमच्याबरोबर शिवायला बसलेल्या शेजारच्या शबानाभाभींचा कुकर त्यांच्या घरी शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, आम्हाला इथं ऐकू येत होतं, तरी सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या. "शिजू द्या. डाळ जास्त शिजून आजवर कुणी मेलेलं नाय. सुईचं तसं नसतंय." भाभी पार रडकुंडीला आल्या. शेवटी बारावी सुई त्यांच्याच ओढणीत सापडली. "अल्ला! ये तो मेरेकूच चिपकी थी," म्हणत त्या ज्या पळाल्या, त्या थेट गॅसपाशीच थांबल्या.

सिस्टर आमच्या हडकोतल्या गल्लीत कोपऱ्याच्या घरात एकट्या राहतात. मूळच्या पिशोरच्या. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत उभ्या राहून काढली. तिथला नियम असा, की पेशंटचं पोट शिवायच्या आधी सुया, कात्र्या, कापसाचे बोळे, सगळं मोजायचं. आत काही राहिलं तर पेशंटच्या जिवाशी गाठ. नोकरी संपली, नियम काही संपला नाही. आता दर आईतवारी विहारातली वंदना आटोपून आल्या, की त्या घरी क्लास घेतात. फेल्टची माळ हातानं शिवायचा क्लास. फेल्ट म्हणजे ते जाड, मऊ कापड. कापलं तरी कडेनं दोरे सुटत नाहीत, म्हणून नवशिक्याची अब्रू जरा झाकली जाते. फी विचारली तर म्हणतात, "हात धुवून यायचं, हीच फी."

आता तुम्ही म्हणाल, तीस वर्षं शाळेत पोरांना सावधान-विश्राम करायला लावणारा पीटीचा मास्तर त्या क्लासात काय करत होता? तर झालं असं. आमची पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली, गोड मुलगी झाली आणि मी आजोबा झालो. पल्लवीनं मोबाईलवर पाळण्याला बांधलेली फेल्टची माळ बघितली, हिरवे पोपट आणि पानं. बारशाला तशीच हवी म्हणाली. आमची मंदा, म्हणजे पल्लवीची आई, भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "बाबांना सांग की. निवृत्त झाल्यापासून रिकामेच आहेत." झालं. दहा बायका आणि मी एकटा पुरुष. शिकणारे अकरा, बाराव्या सिस्टर. सुया बारा.

पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर सिस्टरांनी नमस्काराच्या आधी माझे हात बघितले.

"साबणानं. कोपरापर्यंत."

मी धुऊन आलो.

"नखं?"

आयुष्यभर मी पोरांची नखं तपासली. त्यातल्या एखाद्या पोराची हाय लागली असणार.

काम तसं सोपं आहे. कागदाचा साचा ठेवायचा, पेन्सिलनं रेघ मारायची, एका पोपटाचे दोन तुकडे कापायचे. एकमेकांवर ठेवून गाठ आत लपवायची आणि कडेकडेनं काजाचा टाका घालत यायचं. शेवटी दोन बोटं जागा सोडायची, तिथून कापूस भरायचा आणि तोंड बंद करायचं. सांगायला एवढंच. करायला बसलो तेव्हा सुईत दोरा ओवण्यातच माझा अर्धा तास गेला. सिस्टरांच्या भाषेत पोपट म्हणजे पेशंट. कुणी अर्धा पोपट खाली ठेवून पाणी प्यायला उठलं, की मागून आवाज आलाच, "पेशंट उघडा टाकून कुठं निघाले?" माणूस तहानलेला परत खाली बसायचा.

माझा पहिला पोपट त्यांनी चष्म्यावरून बघितला, चष्म्याखालून बघितला.

"तुपेभाऊ, हे काय हाय?"

"पोपट."

"मग उसवा. वांगं म्हणला असता तर पास केलं असतं."

अर्धवट कामं घरी न्यायची परवानगी नव्हती. "घरी नेलं की इन्फेक्शन होतंय," असं त्यांचं म्हणणं. क्लास संपला की सगळ्यांच्या पिशव्या एका लोखंडी कपाटात जायच्या. त्या कपाटाला त्या वॉर्ड म्हणायच्या. सुयांचा डबाही त्यातच. किल्ली त्यांच्या कमरेला. आणि भिंतीवर एक छोटी पाटी, तिच्यावर मोजणी झाली की खडूनं लिहायचं: बारा.

गंमत अशी, की दर आईतवारी कपाटातून पोपट बाहेर काढला की मलाच नवल वाटायचं. मागच्या खेपेला सैल लोंबणारे टाके गच्च बसलेले असायचे. मी घरी येऊन फुशारकी मारायचो, "मंदा, हात बसला बरं का माझा! आठवडाभरात कापड मुरतं, टाका आपोआप जागेवर येतो."

"लोणचं मुरलेलं ऐकलंय," मंदा म्हणाली. "पोपट मुरलेला पहिल्यांदाच ऐकतेय."

बारसं तिसरा महिना संपताना एका आईतवारी संध्याकाळी ठरलं. माझे पाच पोपट आणि सहा पानं तयार होती. सकाळी क्लासात जाऊन ती दोरीत ओवायची आणि दुपारी पाळण्याला माळ बांधायची, एवढंच राहिलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सिस्टरांनी डबा काढला.

"मोजा."

शबानाभाभींनी मोजल्या. "ग्यारा."

"परत."

अकराच. पाटीवर मागच्या आईतवारचे बारा सिस्टरांच्याच अक्षरात होते. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कमरेला होती. मला नको तिथं चेष्टा सुचली. "म्हणजे चोर घरातलाच, सिस्टर!"

सिस्टरांचा चेहरा उतरला तो मी बघितला. त्यांनी कपाटातून एकच पिशवी काढली, माझी. एकेक पोपट बोटांत दाबून बघितला. पण मीच कापूस इतका ठासून भरला होता की हाताला काही लागेना. मग त्यांनी कात्री घेतली आणि पहिल्या पोपटाचं पोट उभं उसवलं.

"अहो सिस्टर! संध्याकाळी बारसं आहे!"

"म्हणूनच."

दुसरा उसवला. तिसरा उसवला. एकेका पोपटामागं दोन-दोन आईतवार गेले होते हो माझे! चौथ्याच्या कापसातून सुई निघाली. दोरा ओवलेली.

आणि मला टाकेही दिसले. माझे ते हातभर लांब टाके, आणि मधेमधे बारीक, एकसारखे, घट्ट टाके. ते माझे नव्हते. कापड बिपड काही मुरत नव्हतं तर.

"बुधवारी दुपारी शिवत बसले व्हते," सिस्टर म्हणाल्या. आवाज पार खाली गेला होता. "सुई ओवली. तेवढ्यात गॅसवाला आला, म्हणून कापसात खोचून उठले. परत आले, डब्यातली दुसरी सुई घेतली, तोंड बंद केलं. मोजलं नाय." सुई त्यांनी डब्यात टाकली. "चौतीस वर्षांत एकदा नाय झालं. आन् झालं ते लेकराच्या डोक्यावर टांगायच्या पोपटात. जा सगळे. क्लास बंद. आजपासून बंद."

कडी त्यांनी स्वतःच काढली. न मोजता.

मी पिशवी उचलून फणफणत घरी आलो. खरं सांगतो, मला सुईपेक्षा जास्त राग टाक्यांचा आला होता. बारशाच्या घरी पोट फाटलेले चार पोपट आणि एक फुशारकीबाज आजोबा. मी मंदाला सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तरी म्हटलं, तुमचा हात आणि बसेल?" ती म्हणाली. "आणि रागावताय कुणावर? बाई गप्प बसली असती तर तुम्हाला कळलं असतं का? आपल्या पोरीसाठी तिनं स्वतःची लाज सगळ्यांसमोर उसवली. जा, घेऊन या तिला. तिच्याशिवाय आज पाळणा हलणार नाही."

मंदापुढं पीटीच्या मास्तरचंही काही चालत नाही. चार वाजता मी पिशवी घेऊन सिस्टरांच्या दारात उभा.

"सिस्टर!"

"क्लास बंद हाय," आतून आवाज.

"बारशाचं बोलवायला आलोय."

"माझ्याकडून नमस्कार सांगा."

पिशवीतून कापूस बाहेर लोंबत होता.

"सिस्टर," मी म्हणालो, "पेशंट उघडा पडलाय."

पावलं वाजली आणि कडी निघाली. डोळे लाल होते, पण नजर सरळ माझ्या हातांवर.

"हात धुतले का?"

आम्ही समोरासमोर बसलो. माळेला हात लावायला त्या तयार नव्हत्या. "तुमचे पेशंट तुम्हीच शिवा, मी बघते," म्हणाल्या. मी तीन पोपट शिवले. चौथ्यापर्यंत पाच वाजून गेले, तेव्हा तो त्यांनी ओढून घेतला. मी विचारलं, "सिस्टर, का करत होता हे? उसवा म्हणाला असता, आम्ही उसवलं असतं."

"व्हय, उसवलं असतं," त्या मान खाली घालून टाका घालत होत्या. "एकदा उसवतंय माणूस, दोनदा उसवतंय. तिसऱ्यांदा येत नाय. आधीच्या क्लासातल्या सहा जणी अशाच गेल्या. 'आमच्याच्यानं होत नाय सिस्टर,' म्हणायच्या आन् जायच्या. मंग आईतवार लई लांब होतो, तुपेभाऊ. मंग मी दुसऱ्याच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते."

मला एकदम काहीतरी आठवलं. कितीदा तरी मोजणी जुळलेली असायची. बाराच्या बारा सुया डब्यात समोर दिसायच्या, तरी सिस्टर म्हणायच्या, "परत." आम्ही चिडायचो. बाई विसरते, वय झालं, म्हणायचो. मला माझीच लाज वाटली.

शेवटच्या पोपटाचं तोंड बंद झालं. माळ ओवून झाली. सिस्टरांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"माझ्यावर आता भरवसा नाय. तुम्ही मोजा."

मी मोजल्या. "बारा."

"लिवा."

मी पाटीवर बारा लिहिलं. सिस्टर पदर सावरून दाराकडे निघाल्या. जाता जाता, माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढच्या आईतवारी... येताल का कुणी?"

खिशात मंदाचा फोन वाजायला लागला होता.

"थांबा सिस्टर," मी म्हणालो. "कडी काढू नका. परत."

त्या परत आल्या, समोर बसल्या आणि डबा उघडा केला. मी एकेक सुई उचलून, सावकाश, मोठ्यानं मोजली.

बारसं त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झालं. मंदा मला अजून त्यावरून बोलते.