कुंडलिकरावांची चौकशी

मायाबाईंनी फर्मान सोडलं तेव्हा कुंडलिकराव चहात टोस्ट बुडवत होते. टोस्ट चहातच राहिला.

"बारमदी? म्या?"

"मग काय म्या जाऊ?" मायाबाई म्हणाल्या. "शेजारीपाजारी समदे एकच सांगत्यात, पोरगा सोनं हाय. शेजारी आनखी काय सांगणार? पिणाऱ्याची खरी चौकशी प्यायच्या जागीच व्हती. तिथल्या वेटरला इचारा, सम्राट येतो का म्हणून."

लेकीचं, शेफालीचं, जमत आलं होतं. मुलगा सम्राट मूळचा भोंगवलीचा, भोरात पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलेला. शेफालीला तर तो इतका पसंत होता, की ती आजकाल भाजीत दोनदा मीठ घालत होती. पण मायाबाईंच्या थोरल्या बहिणीचा संसार दारूनं धुऊन नेला होता, आणि तेव्हापासून त्यांची एकच अट होती. "नवराच न्हाई, सासरा, दीर, कुणीबी. बाटलीच्या घरात माझी पोर जायची न्हाई." मायाबाईंचा 'न्हाई' गावात, उत्रोलीत, आजवर कुणी फिरवला नव्हता.

आता कुंडलिकराव म्हणजे कोण? दर पौर्णिमेला विहारात पुढं बसून पंचशील म्हणणारे. त्यातलं मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील तर ते जरा जास्तच खणखणीत म्हणत. असा माणूस भर बाजाराच्या दिवशी भोरातल्या परमिट रूममध्ये शिरताना कुणी पाहिला, तर पुढच्या पौर्णिमेला कुठल्या तोंडानं बसायचं? त्यांनी घरातला जुना मास्क शोधून तोंडाला बांधला, मेथीची पिशवी हातात धरली, बारवरून उगीच इकडून तिकडं येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी डोळे मिटून आत घुसले.

आत मारामारी, शिव्या, फुटक्या बाटल्या असणार अशी त्यांची खात्री होती. तसलं काहीच नव्हतं. मिणमिणता उजेड, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, आणि चार टेबलांवर माणसं दवाखान्यात बसावीत तशी गपचूप बसलेली. एकजण मोड आलेले मूग खात होता. या शांततेनं कुंडलिकरावांना जास्तच भीती वाटली. त्यातून सगळी माणसं त्यांच्याचकडं बघत होती, कारण अख्ख्या बारात मास्क लावलेले ते एकटेच.

"काका, मास्क काढल्याबिगर घेणार कसं?" बंडू वेटर म्हणाला. "काय देऊ?"

कुंडलिकरावांनी शेजारच्या टेबलाकडं बोट दाखवलं. बंडूनं तेच आणलं. क्वार्टर, सोडा, शेंगदाणे. वर ग्लासही भरून दिला.

"त्यो... भोंगवलीचा सम्राट... हितं येतो का?"

"सम्राट? येतो की! आठवड्यातनं दोनदा तरी." बंडूनं फडका खांद्यावर टाकला. "तुमचा कोण?"

"जावई... व्हनार," कुंडलिकराव बोलून गेले. संपलं सगळं! घरी जाऊन हे शेफालीला सांगायचं कसं? पोर वर तोंड करून बघणार, आणि आपण काय सांगणार?

ग्लास तसाच ठेवून उठावं, तर बंडू विचारणार, का हो काका, काय झालं? त्यांनी इकडंतिकडं बघून ग्लास हळूच मेथीच्या पिशवीत रिकामा केला. पिशवीला भोक होतं. सगळी दारू विजारीवर ठिबकली. त्या भपकाऱ्यानं त्यांचं डोकं भणभणायला आणि दार उघडायला एकच गाठ पडली. दारात ज्ञानू उभा! विहारात पहिल्या रांगेत बसणारा, उत्रोलीचा ज्ञानू!

कुंडलिकराव टेबलाखाली गेले.

थोड्या वेळानं बंडूचा चेहरा खाली आला. "काका?"

"लाइट घालवा," कुंडलिकराव कुजबुजले. अंगाला असं कापरं सुटलेलं की टेबलावरची बाटली वाजत होती. बंडूनं रिकामा ग्लास बघितला, वास घेतला, आणि समजुतीनं मान हलवली.

"पयल्यांदाच दिसतंय. थांबा, फोन करतो... हां, सम्राट? ये बाबा. आज तुझा सासरा हाय."

"फोन नको! म्या प्यालो न्हाई!"

"समदे हेच म्हंत्यात, काका."

सम्राट मोटारसायकलवर दहा मिनिटांत हजर. त्यानं कुंडलिकरावांना बगलेत हात घालून उचललं, गाडीवर बसवलं आणि टॉवेलानं स्वतःच्या कमरेशी घट्ट बांधलं. त्याच्या हाताची ही सफाई बघून कुंडलिकराव आणखी घाबरले.

"पावणं, म्या थेंबबी घेतला न्हाई."

"व्हय मामा."

"आवो, खरंच!"

"व्हय मामा. मान खांद्यावर टेकवा."

उत्रोलीच्या अलीकडं, भातखाचरांपाशी, कुंडलिकरावांनी त्याला गाडी थांबवायला लावली आणि मास्क खाली ओढून तोंड त्याच्या नाकाशी नेलं. "हुंगा!"

सम्राटनं हुंगलं. नुसता चहाचा वास. तो बुचकळ्यात पडला, तेव्हा कुंडलिकरावांनी चौकशीपासून मेथीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता पोराचं तोंड उतरलं.

"म्या घेत न्हाई, मामा. बाबा घेत्यात. लई झाली की उठवत न्हाई त्यास्नी, मग बंडू मला बोलवतो. लगीन ठरायच्या आधी तुमाला सांगणारच व्हतो. तुमी न्हाई म्हनला तरी चालंल."

"चालंल?"

"चालणार न्हाई," सम्राट खाली बघत म्हणाला. "पण काय करू?"

कुंडलिकरावांना भडभडून आलं. बापाला असं सांभाळून घरी नेणारं पोर लाख शोधून सापडणार नव्हतं. पण मायाबाई? सासरा, दीर, कुणीबी!

मायाबाई दारातच उभ्या होत्या. वास त्यांच्यापर्यंत आधी पोचला.

"चौकशीला पाठवलं, तर सोताच बसलात व्हय!" त्यांच्या मागं शेफालीनं तोंडाला ओढणी लावली. मग मायाबाईंची नजर सम्राटवर गेली आणि तिथंच अडकली. "आन तुमी कसं तिथं? तुमाला कुणी कळवलं?"

सम्राटनं तोंड उघडलं. खोटं बोलता येणाऱ्यातला तो चेहराच नव्हता. आता हा खरं सांगणार आणि पोरीचं लगीन मोडणार! दिवसभराची भीती या एका क्षणापुढं काहीच नव्हती.

कुंडलिकरावांनी गुडघा सैल सोडला. खांदा चौकटीवर आपटला.

"म्याच... म्याच वेटरला नंबर दिला त्याचा," ते जड जिभेनं म्हणाले. "चढल्यावर जावयाचीच याद आली गं, माये..."

चारचौघांत 'माये' अशी हाक त्यांनी जन्मात मारली नव्हती. मायाबाईंना उरलीसुरली खात्री पटली. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी सम्राटपुढं हात जोडले.

"पावणं, आमच्या घरात असलं कधी घडलं न्हाई हो. पोरीकडं बघा. तुमच्यावानी पोरगा आमाला मिळायचा न्हाई. एवढी गोष्ट तुमच्या वडलांच्या कानावर तेवढी घालू नका. उगा सज्जन माणसाचं मन फिरायचं."

"न्हाई घालत, मामी," सम्राट म्हणाला.

ऐकता ऐकता कुंडलिकराव सरळ उभे राहिले होते. ध्यानात येताच ते घाईघाईनं पुन्हा झुलू लागले.