गॅसची राख

"चाळीस टन राख उपसली, कंबर गेली," राखवाला जेवता जेवता सवयीने बोलून गेला.

बायको वाढता वाढता थांबली. "अहो, सोमवारपासून कोळसा बंद झाला ना तुमचा? गॅसवर चालतंय ना सगळं? मग राख कुठली?"

घास तोंडातच राहिला. वीजकेंद्राचा बॉयलर गॅसवर गेला होता खरा, पण बावीस वर्षांचा हात. त्या हाताने सोमवारीही नोंदवहीत चाळीस टन ठोकले, मंगळवारीही चाळीस. दोन्ही दिवस राखवाला फावड्याला टेकून बसला होता, हे हाताला कोण सांगणार?

"खोडून टाका," सगळं ऐकून बायको म्हणाली.

"प्रती वर गेल्यात." खोटी नोंद म्हणजे नोकरी गेली आणि तिच्यामागे क्वार्टरही.

सकाळी इंजिनिअरने बोलावलंच. "गॅस जाळून राख? दाखव बघू."

राखवाल्याने घमेलं उचललं. तो मागच्या जुन्या ढिगातून घमेलंभर राख घेऊन आला. इंजिनिअर ओरडेल असं वाटलं होतं, पण त्याचाच चेहरा राखेसारखा झाला. हा गॅस पसंत केला होता त्यानेच. त्याने मोठ्या साहेबांना बोलावलं. मोठ्या साहेबांनी चिमटीत राख चोळली आणि लिहिलं, "गॅसमध्ये भेसळ." खाली इंजिनिअरने सही ठोकली. प्रयोगशाळेने लिहिलं, "राख अस्सल आहे." तीन शहाणे, तीन सह्या. बॉयलरखाली वाकून बघायला कोणाचीच मान वळली नाही.

भेसळीची चौकशी लागणार म्हटल्यावर राखवाल्याचा धीर सुटला. "साहेब, चुकलो. सवयीने लिहिलं. ही राख जुन्या ढिगातली आहे."

मोठ्या साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने खिडकीकडे.

"म्हणजे आम्ही तिघांनी सह्या केल्या त्या येड्यासारख्या?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"तसं नाही साहेब."

"मग राख निघते."

"निघते?"

"रोज चाळीस टन. तूच लिहिलंयस ना? चौकशीवाले येतील तेव्हा कमी भरता कामा नये."

तेव्हापासून सकाळी ट्रक जुन्या ढिगातून राख आणून बॉयलरखाली ओततात, आणि दुपारभर राखवाला ती उपसून परत ढिगावर नेतो. नोकरी टिकली, क्वार्टर टिकलं.

"मग कण्हताय कशाला?" पाठीला तेल चोळता चोळता बायकोने विचारलं. "चाळीस टन तर तुम्ही बावीस वर्षं उपसताय."

राखवाल्याने उशीत तोंड खुपसलं.

"लिहीत होतो," तो म्हणाला. "निघायची पंचवीसच."