साहेबांना बसायला खुर्ची

अम्मीनं ठरवलं ते एवढंच होतं, की पाहणीला येणाऱ्या साहेबांना कान तुटलेल्या कपातून चहा द्यायचा नाही.

त्याचं असं झालं. आमचं पिवळं रेशनकार्ड बंद झालं. स्वस्तातले गहू-तांदूळ त्याच्यावरच मिळायचे. माझे अब्बा भोरच्या एसटी स्टँडसमोर स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करतात. (लोकांकडे गॅस आला, आणि छत्री काही बारा महिने मोडत नाही.) अर्ज केल्यावर कचेरीतून सांगितलं, साहेब घरी येऊन बघतील, खरंच गरीब असाल तर कार्ड पुन्हा सुरू.

गरिबी आमच्याकडे भरपूर होती. तांदळाच्या डब्याचा तळ दिसत होता. फक्त तो साहेबांना दाखवायचा होता.

अम्मी शेजारच्या धोंडाबाईंकडे कप मागायला गेली. त्या म्हणाल्या, "आन् बसवणार कशावर गं सकिना? पोत्यावर?" म्हणून दोन खुर्च्या आल्या. खुर्च्यांखालची आमची जमीन फारच उखडलेली दिसायला लागली, म्हणून सतरंजी आली. साहेबांना उकडेल म्हणून टेबलफॅन आला, आणि त्यांना करमावं म्हणून धोंडाबाईंच्या मुलानं पुण्याहून आणलेला टीव्हीसुद्धा आला. (तो मी उचलला.)

दुपारी अब्बा आले आणि उंबऱ्यातच थबकले. त्यांना वाटलं, घर चुकलं.

"अगं, ते गरिबी बघाया येत्यात!"

"मग? गरीब म्हंजे बेशरम व्हय? दारात आलेला मेहमान हाय त्यो."

"आत्ताच्या आत्ता परत दे समदं!"

पण बाहेर साहेबांची मोटारसायकल थांबली होती. ते आधी धोंडाबाईंकडे शिरले. त्यांचंही कार्ड बंद झालं होतं, पण त्यांच्या घरची पाहणी पुढच्या आठवड्यात आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. भिंतीपलीकडून ऐकू आलं,

"बाई, बसायला काहीच नाही?"

"लई हाय, साहेब! आत्ता न्हाई, एवढंच."

"लाजू नका, बाई. मी समजतो."

मग साहेब आमच्याकडे आले. खुर्चीत बसले. पंख्याकडे तोंड केलं. अम्मीनं ईदसाठी राखलेली साखर घालून केलेली शेवयांची खीर दिली, ती त्यांनी वाटी निपटून खाल्ली.

"छान चाललंय तुमचं," ते म्हणाले. "शेजारी बघा, बिचाऱ्यांकडे साधा पाट नाही. त्यांचं कार्ड आजच सुरू करतो."

अब्बा काकुळतीला आले. "साहेब, ह्यातलं आमचं कायबी न्हाई!"

"सगळे असंच म्हणतात. काल एकांच्या दारातली म्हैससुद्धा त्यांची नव्हती."

"माझ्या पोरीला इचारा. फौजिया खोटं बोलत न्हाई."

(हे खरं आहे. मी काहीच बोलत नाही. हजेरीचं "हजर"सुद्धा माझ्याऐवजी शेजारची मुलगी म्हणते.)

निघालेले साहेब दारात थांबले. "सांग बाळ, काय ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अब्बांनी हात जोडले होते. 'हे धोंडाबाईंचं आहे', एवढे तीन शब्द. मी सगळं बळ एकवटून तोंड उघडलं, आणि दारातून निघालेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणायला अम्मीनं शिकवलेलं तेवढंच बाहेर पडलं,

"पुन्हा या हं, साहेब."

"येणार की," साहेब प्रेमानं म्हणाले. "पाच वर्षांनी. पुढची पाहणी तेव्हाच असते."