हॅलमसाहेबांचं उत्साहाचं कार्ड

“दाबके, तुम्हाला कशाचा म्हणून आनंद होतो का?”

हॅलमसाहेबांनी हे इंग्रजीत विचारलं आणि शिरीषच्या फॅमिली व्हिसाच्या अर्जावर कोपर टेकवलं.

शिरीष दाबके बहारीनमधल्या सलमाबादच्या एका पंप जुळवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. मूळ पुण्याचा. त्याच्या घरी पुरणपोळी उत्तम जमली की “खाण्यासारखी आहे” म्हणत आणि पोरगा बोर्डात आला की “सुटलो एकदाचे.” लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातले चाळीस दिवस तो सुनंदाबरोबर राहिला होता, बाकीचे पत्रांत. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: फॅमिली व्हिसा सीनियर इंजिनिअरलाच मिळतो आणि सीनियर इंजिनिअरला गिऱ्हाईक जिंकता यावं लागतं. गुरुवारी हाल्मोस नावाचा हंगेरियन इन्स्पेक्टर बारा पंप बघायला येणार होता. त्याने माल पास केला की साहेब अर्ज पास करणार होते.

“पण उत्साह हवा, दाबके! एक्साइटमेंट! तीही त्याच्या भाषेत!”

कार्ड बनवलं निकोलसने. हा वसईचा, ऑफिसात व्हिसाचे कागद बघायचा. त्याची बायको मेबल एका हॉटेलात रिसेप्शनवर होती आणि तिथल्या बँडमध्ये एक हंगेरियन बाई व्हायोलिन वाजवायची. मेबलने तिच्याकडून उत्साहाचे इंग्रजी शब्द हंगेरियनमध्ये करून घेतले, निकोलसने ते देवनागरीत उतरवले आणि शिरीषच्या उम्म अल हस्सम भागातल्या खोलीत रोज संध्याकाळी त्याच्याकडून घोकून घेतले.

“हे शेवटचं बघ. इंग्रजीत ‘मी चंद्राच्या वर आहे.’”

“आणि हंगेरियनमध्ये?”

“‘मी कातड्यातून बाहेर उडी मारतोय.’”

“आनंदाने?”

“मग काय खरूज झाली म्हणून? तुमच्यात काय म्हणतात?”

शिरीषने बराच विचार केला. “पुस्तकात आनंद गगनात मावत नाही. घरात ‘बसा, चहा टाकतो’ म्हणतात.”

“आमच्यात बँड लावतात रे बाबा. चल, म्हण.”

गुरुवार. शेडमध्ये पंचेचाळीस डिग्री.

*फंटॅस्टिक! — फंतस्तिकुश!*

हाल्मोस उंच होता, खांदे पडलेले, नुकताच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा चेहरा. पहिल्या पंपाला त्याने हात लावला मात्र, शिरीष ओरडला, “फंतस्तिकुश!”

हाल्मोसने हात मागे घेतला. आधी पंपाकडे पाहिलं, मग शिरीषकडे. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “उघडा.”

फोरमन हारूनने पंप उघडला. आत जे असायला हवं तेच होतं.

*आय ॲम सो एक्सायटेड! — नॉद्योन इझगॉतोट वॉद्योक!*

“कशाने?” हाल्मोसने विचारलं.

कार्डावर फक्त उत्साह होता, कारण नव्हतं. हाल्मोसने दुसरा पंप उघडायला लावला. बेअरिंग काढून उजेडात धरलं, वॉशरचा वास घेतला.

“साब,” हारून कुजबुजला, “आप जितना खुश होते हो, ये उतना खुलवाता है. मेहरबानी करके थोड़ा रो दो.”

पण साहेब मागे उभे होते आणि दोन्ही हातांनी ‘आणखी, आणखी’ अशा खुणा करत होते.

*आय कान्ट वेट! — ऑलिग वारोम!*

हे मात्र शिरीषने मनापासून म्हटलं. डोळ्यांपुढे बहारीन विमानतळ होता, बाहेर येणारी सुनंदा होती. हाल्मोसने तिसरा, चौथा आणि पाचवा पंप उघडायला सांगितला. एवढी घाई असलेला माणूस नक्कीच काहीतरी दडवतोय, हे आता त्याच्या भुवयांवर लिहिलेलं होतं. वही काढून त्याने काहीतरी टिपलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

*ओव्हर द मून! — मॉय्द किउग्रोम…*

पुढचं आठवेना. जमिनीवर पाच पंपांची आतडी पसरली होती. हारून बादलीवर बसून “खलास, साब, खलास” म्हणत होता. सुनंदा आणखी एक वर्ष पत्रातच राहणार, हे शिरीषला कळून चुकलं. कार्ड त्याने खिशात कोंबलं.

हाल्मोस जवळ आला. “तू इंजिनिअर?”

“हो.”

“मग बोल. पंप कसा?”

शिरीषने घाम पुसला आणि जन्मभर बोलत आला तसंच बोलला. “वाईट नाही. आवाज जरा जास्त करतो. सील तीन वर्षांनी बदलावं लागेल. पण चालेल.”

मागे साहेबांनी डोळे मिटले.

हाल्मोसचे खांदे, पहिल्यांदाच, सैल झाले. “नेम रोस,” तो हळूच म्हणाला. “वाईट नाही. माझे वडील, लग्नाच्या दिवशी, आईबद्दल… हेच.” एवढं बोलून त्याने उरलेल्या सात पंपांना हातही न लावता कागदावर सही ठोकली.

साहेबांनी शिरीषला मिठी मारली. “बघितलंत? कार्डाने काम केलं!” आणि त्याच झोकात अर्जावर सही केली. दर शनिवारी सगळ्या स्टाफला उत्साह शिकवायची जबाबदारीही दाबकेंवर टाकून ते गेले.

शिरीष निकोलसच्या टेबलाशी येऊन बसला. चेहरा होता तसाच.

“अभिनंदन रे! काही बोल तरी!”

“बरं झालं.”

“धन्य आहे तुझी. घे, इमिग्रेशनचा फॉर्म. इथे कर सही.”

शिरीषने सही केली. निकोलसने ती पासपोर्टाशेजारी धरली.

“ही कुणाची? जुळत नाही.”

दुसऱ्या फॉर्मवर केली. ती सही ओळीवरून उतरून थेट ‘पत्नीचे नाव’ या रकान्यात गेली. तिसऱ्यावर ‘शि’ची वेलांटी कागदाबाहेर पडली.

“अरे, हात का असा करतोयस? ताप आहे का?”

“कुठे काय.”

निकोलसने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. चौथा फॉर्म काढला आणि दोन्ही तळव्यांनी टेबलावर घट्ट दाबून धरला.

“आता कर. सावकाश,” तो म्हणाला. “आणि गुडघा आवर, बाबा. टेबलही थरथरायला लागलंय.”