हौसाबाईंच्या पेरूंवर आलेले बालंट

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि "तुला हे कोणी सांगितलं?" हा प्रश्न पृथ्वीवर प्रथम ज्या कोणी केला असेल, त्या अनाम पुण्यात्म्यास तिसरे नमन करोन हे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी बहुत पडली होती आणि पेरू गोडीस आले होते. ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव पुसू नये. लोक त्यास शाळा म्हणत. राज्यास दोन मजले, पुढे मैदान, मैदानापुढे वेस, आणि राज्यावर मुख्याध्यापक राजेश्री दाजीसाहेब भोगले यांचा अंमल. दाजीसाहेब मोठे दयाळू, प्रजेस पोटच्या लेकरांप्रमाणे वागवीत, परंतु कानाचे हलके. चौघांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरी, ऐसा त्यांचा न्याय. वरच्या मजल्यावर ग्रंथशाळेचा किल्ला होता आणि किल्लेदार शकुंतलाबाई निजसुरे होत्या. पूर्वी प्रजा पुस्तके न्यावयास किल्ल्यावर येई, आणि मग प्रत्येक घरी हस्तदर्पण आले, ज्यास मोबाईल म्हणतात, आणि मुले म्हणू लागली की दर्पणास पुसावे, तो सांगतो, वर चढण्याचे श्रम कोणी करावे. शकुंतलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दर शनिवारी मुलांस वर बोलावून एक नवाच खेळ लाविला. खेळ ऐसा: कोणतेही एक वर्तमान घ्यावे आणि सुताची एक दोरी घ्यावी. वर्तमान ज्याने सांगितले त्याच्या नावाची गाठ मारावी, मग त्याजकडे जाऊन पुसावे, तुला कोणी सांगितलं, आणि त्याच्या नावाची दुसरी गाठ, आणि ऐसे मागे मागे जात जो कोणी "मी डोळ्यांनी पाहिलं" अथवा "माझ्या अंगावर गुदरलं" म्हणेल, त्याच्या गाठीपाशी तांबडा मणी ओवावा. मणी मिळाला तर दोरी पुढल्या खुंटीस, न मिळाला तर मागल्या खुंटीस लोंबे. मागल्या खुंटीवर दोऱ्यांचे मोठे झुंबर जाहले होते. शकुंतलाबाई म्हणत, गाठी मोजू नका, मणी पाहा.

या खेळात आठवी इयत्तेच्या रेवतीबाई डांगे यांचा हात धरणारा कोणी नव्हता. उमर तेरा वर्षांची, दोन वेण्या, नाकाचा शेंडा सदा वर. कोणी काही बोलला की रेवतीबाईंनी दोरी काढलीच, मग तो मामा असो की दूधवाला. घरचे लोक जेवताना त्यांजसमोर बोलावयास कचरू लागले होते. आपण या दोरीवाल्या मुलांच्या फौजेचे सेनापती, ऐसे त्यांस मनातून वाटे, आणि खरे म्हणावे तर त्या होत्याही. आणि त्यांचे दुसरे प्रेम म्हणजे हौसाबाई. हौसाबाई वेशीबाहेर पेरूंची पाटी घेऊन बसत. पेरू देठाशी जोडलेला राहील ऐशा बेताने त्यास चार चिरा देत, आत तिखटमीठ भरीत, आणि रेवतीबाईंस अर्धकच्चा लागतो म्हणून तसा एक पदराखाली निराळा काढून ठेवीत. रेवतीबाईंच्या आईससुद्धा त्यांनी याच जागी पेरू चारले होते.

ऐसे सर्व सुखात चालले असता एके प्रातःकाळी सर्व पालकांच्या दर्पणांवर वर्तमान आले की शाळेबाहेरील पेरू खाऊन मुले आजारी पडली, पेरूंवर औषध मारिलेले आहे, सावध असा. सोबत चित्र होते, त्यात मुले खाटांवर निजलेली आणि हातास नळ्या. मग काय विचारता, घरोघर गलबला जाहला. एकाने दहांस धाडिले, दहांनी शंभरांस, आणि दुपारपर्यंत पालकांची फौज वेशीवर येऊन उभी राहिली. दाजीसाहेब म्हणाले, इतकी तोंडे खोटे कशी बोलतील. आणि हौसाबाईंस हुकूम जाहला की पाटी उचलावी, शनिवारी पालकसभेत निवाडा होईल, तोवर वेशीवर दिसू नये. आणि दाजीसाहेब काही कामानिमित्त जिल्ह्याच्या गावी स्वार होऊन गेले. हौसाबाई भांडल्या नाहीत. पाटीवर फडके टाकले आणि म्हणाल्या, "जागा गेली तर जाऊ द्या. पण माझ्या हातचं खाऊन पोरं निजली म्हणता, हे मला सोसत नाही." आणि निघून गेल्या.

हे ऐकताच रेवतीबाई तडक किल्ला चढून गेल्या आणि शकुंतलाबाईंस म्हणाल्या की हे सगळे खोटे आहे, आपण ते खोटे पाडू. शकुंतलाबाई पुस्तकांवरची धूळ पुशीत होत्या. त्या म्हणाल्या, "खोटं आहे हे तुला कोणी सांगितलं?" मग बाई म्हणाल्या, "हौसाबाई आपल्या लाडक्या, म्हणून बातमी खोटी, असं होत नाही. खरी निघाली तर खरी म्हणायची तयारी आहे का? असेल तर दोरी घे." रेवतीबाईंनी दोरी घेतली. प्रथम चित्राचा समाचार घेतला. चित्रावरून चित्राचे मूळ कसे शोधावे, ती युक्ती बाईंनी दर्पणावर करोन दाखविली, आणि निघाले ऐसे की चित्र भलत्याच मुलखातले, फार वर्षांमागील, महापूर ओसरल्यावर तापाची साथ आली होती तेव्हाचे. रेवतीबाई आनंदाने नाचावयास लागल्या. बाईंनी त्यांस खाली बसविले. "चित्र खोटं ठरलं. बातमी अजून उभी आहे. लोक खऱ्या बातमीलाही खोटं चित्र चिकटवतात."

मग रेवतीबाईंनी मोहीम काढिली. वर्तमान कोठून आले, तर वर्गातील निनाद साठ्ये याच्या आईसाहेबांकडून. चित्र त्यांनीच कोठूनसे घेऊन जोडिले होते, लोकांनी लक्ष द्यावे म्हणून. त्यांजला कोणी सांगितले, तर शिवणकाम करणाऱ्या कुंदाताईंनी, आणि औषधाची गोष्ट कुंदाताईंची, कारण पोट उगाच का बिघडेल, ऐसा त्यांचा तर्क. कुंदाताईंस कोणी सांगितले, तर भूगोलाच्या परांडेबाईंनी, झंपरचे माप देताना, आणि त्या एकाच मुलीविषयी बोलल्या होत्या, मुलांविषयी नव्हे. गाठीमागे गाठ बसत गेली आणि वर्तमान लहान लहान होत गेले, आणि रेवतीबाईंस हुरूप चढला. परांडेबाई म्हणाल्या, मला तर खुद्द दाजीसाहेबांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितले. म्हणजे राजे ज्या शंभर तोंडांस भ्याले, त्या शंभर तोंडांत त्यांचेच एक वाक्य फिरत होते. हा शोध लागताच रेवतीबाई जिन्यावर एकट्याच हसल्या. आता एकच गाठ उरली आणि राजे गावाहून परतले नव्हते, तेव्हा ती गाठ सभेतच मारावी, ऐसे ठरले.

शनिवारी सभा भरली. पालक दाटीने बसले, हौसाबाई दारापाशी पाटी घेऊन उभ्या, आणि दाजीसाहेब मंचावर येऊन स्थानापन्न जाहले. शकुंतलाबाईंनी विनंती केली की या मुलीस बोलू द्यावे. मग रेवतीबाई उठल्या आणि त्यांनी ती दोरी निनादच्या आईसाहेबांच्या हाती पहिल्या गाठीशी दिली, आणि दुसरी गाठ कुंदाताईंच्या, तिसरी परांडेबाईंच्या हाती, आणि ज्याने त्याने आपण काय ऐकले आणि त्यात काय घातले ते सांगितले. कोणी लाजले, कोणी हसले, परंतु खोटे कोणी बोलले नाही. दोरी मंचापर्यंत आली. चौथी गाठ दाजीसाहेबांच्या हाती देऊन रेवतीबाईंनी मोठ्या तोऱ्यात पुसले, "सर, तुम्हांला हे कोणी सांगितलं?"

दाजीसाहेब बुचकळ्यात पडले. चष्मा काढिला, पुसला, परत घातला. आणि साध्या सरळ आवाजात म्हणाले, "अगं, तूच."

रेवतीबाईंनी दोरीचे मोकळे टोक पाहिले. आणि मग सगळे आठवले. त्या वर्तमानाच्या काही दिवस आधी गणिताची चाचणी होती आणि वर्गमुळे काही केल्या येत नव्हती, आणि त्यांनी दाजीसाहेबांपुढे पोट धरून दाखविले होते. दाजीसाहेबांनी मायेने पुसले, काय खाल्लंस बाळा. उत्तर काही तरी देणे भाग होते. खिडकीबाहेर पाटी दिसली आणि तोंडातून गेले, पेरू. घरी जाऊन चिवडा खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट त्या विसरल्या. खोटे इतके बारीक होते की बोलणारीच्याच ध्यानी उरले नाही.

आता दोरीचे टोक त्यांच्याच हाती होते. दाजीसाहेब हळहळून सभेस सांगत होते की होय, हीच ती पोर, बिचारी कळवळत होती, मीच घरी धाडिले. म्हणजे साक्षीदार मिळाला. अंगावर गुदरलेले सांगणारे माणूस मिळाले. शकुंतलाबाई मंचापाशी आल्या, त्यांच्या मुठीत मणी होता. रेवतीबाईंनी नुसती मान हलविली असती तरी कोणास कळते ना, आणि त्यांची लाज राहती, आणि हौसाबाईंची जागा कायमची जाती. शकुंतलाबाईंनी मूठ उघडली आणि हळू पुसले, "रेवती, मणी ओवायचा का?"

रेवतीबाईंनी दाराकडे पाहिले. हौसाबाई त्यांजकडेच पाहत होत्या, रागाने नव्हे, काळजीने, की पोर खरेच आजारी होती की काय. ते पाहणे रेवतीबाईंस सोसले नाही. त्यांनी दोरीच्या टोकास आपल्या नावाची गाठ मारिली, ती दोनदा सुटली, आणि म्हणाल्या, "नको बाई. मणी नाहीये. मी पेरू खाल्लाच नव्हता. पोटही दुखत नव्हतं. गणिताची चाचणी होती." आणि मग सर्वांदेखत रडू कोसळले.

दाजीसाहेबांनी परत चष्मा काढिला. इतक्यात हौसाबाईच पाटी घेऊन मधून चालत आल्या. पाटी मंचाच्या पायरीवर ठेविली, विळी काढिली, एक अर्धकच्चा पेरू निवडला, देठाशी जोडलेला राखून चार चिरा दिल्या, तिखटमीठ नेहमीपेक्षा अंमळ जास्तच भरले, आणि रेवतीबाईंच्या हाती देऊन म्हणाल्या, "खा. सगळ्यांसमोर खा. आणि आता दुखलं पोट, तर खुशाल माझं नाव सांग."

रेवतीबाईंनी रडत रडत तो पेरू खाल्ला. तिखट लागले म्हणून रडे वाढले की कमी जाहले, ते सांगता येत नाही. मग निनादच्या आईसाहेबांनी एक मागितला, मग कुंदाताईंनी, मग दाजीसाहेबांनी, ज्यांस दातांमुळे पेरू वर्ज्य होता. पाटी रिकामी जाहली.

येणेप्रमाणे बालंट फिटले आणि हौसाबाई सोमवारी आपल्या जागी बसल्या. रेवतीबाईंनी चाचणी दिली, गुण सांगण्याजोगे नाहीत. दाजीसाहेब आता कोणतेही वर्तमान आले की आधी स्वतःसच पुसतात, हे मीच तर कोणास बोललो नव्हतो ना. आणि ती दोरी मणी नसताही शकुंतलाबाईंनी पुढल्या खुंटीस लाविली. मुलांनी कारण पुसले, तेव्हा बाई म्हणाल्या, "शेवटची गाठ बघा, मारणारीने स्वतःच्या नावाची मारली आहे." बखर संपूर्ण. ज्याने वाचिली त्याने पुढे सांगताना कोठे वाचिली तेही सांगावे.