वेंडलचा उलटा रिमोट

"कॉफीचा कप मांडीवर ठेवून ये. एक थेंब सांडला तर नाव बदलेन!" वेंडलने फोनवर बायकोला ठणकावून सांगितलं.

अ‍ॅर्डिथच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज ती केंटकीच्या टेकडीवरच्या आपल्या घरी येणार होती. पण फाटकापासून घरापर्यंतच्या खडीच्या वाटेत खड्डेच खड्डे! तिला दणका बसेल या धास्तीने बिचाऱ्याला चार दिवस घास गोड लागला नव्हता.

"वाट आज सपाट करतोच. शिवाय मागे रिमोट बसवलाय!"

"टीव्ही मागच्या खोलीत नेलास?"

"अगं, ट्रॅक्टरच्या मागे! दोन तोट्या असतात, त्यात तेलाच्या नळ्या जोडायच्या. बसल्या जागी दांडी ओढली की सपाटीच्या पात्याची कड वर-खाली!"

"नळ्यांना लाल-निळी पट्टी लाव हं. चुकशील."

"मी? चुकणार?"

चुकला! नळ्या नेमक्या उलट्या जोडल्या. कड वर घ्यायला दांडी ओढली, तर कड उलट मातीत घुसली. स्वारी मात्र पुढे बघत, शीळ घालत थेट फाटकापर्यंत. वळून पाहतो तर काय, कडेने हा गुडघाभर चर! नळ्या काढायला गेला, तर आत दाब अडकलेला, जाम निघेनात.

तेवढ्यात लेक टेसी आईला घेऊन आलीच. "बाबा, रस्ता करायचा होता, कालवा नव्हे!"

वेंडलचा चेहरा एवढासा झाला. "तुला दुखू नये म्हणून गं..."

अ‍ॅर्डिथने गाडीची काच खाली केली. पात्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "चढ वर. मी सांगते तसंच कर. उचल!"

त्याने उचलायची दांडी ओढली, कड खाली गेली, बाहेर पडलेली माती परत चरात ढकलली गेली.

"टेकव!" कड वर आली.

उचल, टेकव, उचल... तासाभरात वाट तळहातासारखी सपाट!

"इतकं नेमकं उलटं कसं जमलं तुला?" वेंडल चाट पडला.

"एकेचाळीस वर्षांचा सराव आहे. तुझ्याकडून काही करून घ्यायचं, तर उलटंच सांगावं लागतं."

वेंडल थबकला. "म्हणजे... लग्नाआधी 'माझ्या नादी लागू नकोस' म्हणाली होतीस, तेसुद्धा?"

अ‍ॅर्डिथने कप मांडीवर नीट धरला आणि खुदकन हसली.

"लागलास ना?"