नवतपा, सहा घरं आणि एक गाठोडं

"मधुकरकाका, गच्चीची चावी तुम्ही झोपतानाही गळ्यातच ठेवता काय?"

भर मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारणारी पोरगी म्हणजे उन्नती गजभिये, वय वर्षं पंधरा, फ्लॅट नंबर तीनशे दोन! प्रश्न तिचा नव्हता हो. प्रीती आणि वेदिका या दोघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. "विचारून दाखव, तर्री पोहे आमच्याकडून!" गेल्या वर्षीची उन्नती असती तर पार्किंगच्या खांबामागे लपली असती. पण मार्चमध्ये तिनं शाळेच्या स्टेजवर सलग चार मिनिटं न रडता भाषण केलं होतं, आणि तेव्हापासून ती कुणाचंच ऐकत नव्हती.

मनीषनगरातल्या आमच्या या अपार्टमेंटचं नाव 'शीतल छाया'. मे महिन्यात त्यात शीतलही काही नसतं आणि छायाही नसते. म्हणून मीटिंगसुद्धा सकाळी साडेसहाला, ऊन पार्किंगमध्ये शिरायच्या आत. सेक्रेटरी मधुकरराव अकरा वर्षांपासून तेच. गच्चीची चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. ज्याला गच्चीवर जायचं त्यानं आधी काकांना कारण सांगायचं!

प्रश्न ऐकून काका लाल झाले. पण उत्तर दिलं काकूंनी.

"झोपताना काय विचारतं वं? आंघोळीलेही काढत नाही हे!"

सगळी मीटिंग फिस्सकन हसली. काकांनी तडक दोरा डोक्यावरून काढला, चावी सोडवली आणि उन्नतीसमोर धरली.

"घे! नवतपा सुरू होऊन राहिला. सहा घरच्या कुरड्या वाळतीन वर. हे तापते नऊ दिवस सांभाळून दाखव. एक जरी तक्रार आली ना, तर चावी वापस अन् पाऊस लागेपर्यंत गच्ची बंद! तुमा पोट्ट्याइलेही!"

आता बघा, ही गच्ची म्हणजे पोरांचा जीव. संध्याकाळी पाणी मारलं की तिथं गप्पा, बॅडमिंटन, अंताक्षरी, सगळं तिथंच. ती गेली तर उन्हाळाभर चार भिंती आणि कूलरचा घरघराट. प्रीती कानात कुजबुजली, "नको घेऊ बे!" पण तोवर चावी उन्नतीच्या मुठीत गेलेली होती.

"त्यात काय काका! डोळे मिटून सांभाळीन!"

तिनं काय थाट मांडला म्हणता! आधी खडूनं गच्चीवर सहा चौकोन आखले, प्रत्येकात फ्लॅटचा नंबर. जो तो आपल्या चौकोनात चादर टाकणार. मग सोसायटीच्या ग्रुपवर रोजचं वार्तापत्र: 'शीतल छाया उन्हाळी बातम्या. आज पारा सेहेचाळीस. गच्चीवर अनवाणी येऊ नये, काल बापूजी नाचत खाली गेले. कबुतरांसाठी पाणी ठेवले आहे, कुरड्या त्यांच्यासाठी नाहीत, हे त्यांना समजावणे सुरू आहे.'

पहिला दिवस झक्कास. दुसरा दिवस त्याहून झक्कास. ग्रुपवर टाळ्याच टाळ्या! तीनशे एकच्या ताराकाकूंनी तर लिहिलं, 'पोरगी हुशार आहे.' उन्नतीनं तो मेसेज सात वेळा वाचला.

तिसऱ्या दिवशी आई-बाबा कामठीला लग्नाला गेले. दुपारी साडेतीनला सगळी बिल्डिंग कूलरसमोर आडवी. उन्नती एकटीच गच्चीच्या दारात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. आणि अचानक आभाळ पिवळं झालं, मग मातकट, मग काळं. वावधान! पहिल्याच झोतात दोनशे एकची चादर तीनशे एकच्या चादरीवर जाऊन बसली. टाकीचं झाकण थाळीसारखं घरंगळत गेलं. एक कुरडई उडून तिच्या कपाळाला चिकटली!

हाका मारायला वेळ कुठला? तिनं आपल्या घरची डबलबेडची चादर पसरली, एकेका चौकोनातल्या कुरड्या ओंजळीनं, परातीनं, दुपट्ट्यानं तिच्यात लोटल्या, चार टोकांची गाठ मारली आणि ते गाठोडं जिन्यात ओढलं. मागं दार लावलं आणि पहिला टपोरा थेंब दारावर आपटला. टण्ण!

एकही कुरडई भिजली नव्हती. उन्नती धापा टाकत जिन्यात बसली आणि अभिमानानं वार्तापत्र लिहिलं: 'ताजी बातमी! वावधान आलं, पण सर्व कुरड्या सुखरूप! सहाही घरच्या एकाच गाठोड्यात!!'

सगळ्यांनी मेसेज वाचला. मग धाड धाड धाड! तीन मजल्यांवरची दारं उघडली.

"एकाच म्हणजे?" ताराकाकू पायऱ्या चढता चढताच ओरडल्या. "वं उन्नती, एकाच म्हणजे काय?"

गाठ सोडली. आत पांढऱ्याशुभ्र कुरड्यांचा डोंगर. ताराकाकूंनी एक उचलली. "ही माही."

"ती आमची आहे," दोनशे एकच्या वेदिकाची आई म्हणाली.

"काहून? तुमचं नाव लिहून आहे का त्यावर?"

बिचाऱ्या दोघी खऱ्याच होत्या. कारण साऱ्या बिल्डिंगीत कुरड्या पाडायचा सोऱ्या एकच, ताराकाकूंचा पितळी. मे महिना लागला की तो घरोघर फिरायचा. जाळी एक, भोकं एक, वेटोळं एक. सहा घरच्या कुरड्या म्हणजे सहा जुळ्या बहिणी!

"मी सारखे सहा वाटे करते ना," उन्नती पटकन म्हणाली. "वजनकाट्यावर!"

"अन् माह्या वाट्याले दुसऱ्याची आली तर?" खालच्या मजल्यावरचे बापूजी काठी टेकत पोचले होते. "माह्या बिनमिठाच्या आहेत, पोरी! बीपी आहे मले. ॲम्बुलन्स तू बोलावशील का?"

एवढ्यात मधुकरराव आले. हातात तोच काळा दोरा, रिकामा.

"सात वाजेपर्यंत ज्याच्या कुरड्या त्याले. नाही तर चावी वापस!"

उन्नतीनं चावी मुठीत घट्ट धरली. प्रीती आणि वेदिका तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू अख्खा उन्हाळा तिनं गाठोड्यात बांधला होता. पण चार मिनिटांच्या भाषणवाली ती! म्हणाली, "चव! दिसायला सारख्या आहेत, चवीला नाहीत ना! चाखून ओळखा!"

बापूजींनी कच्ची कुरडई दाताखाली धरली. कट्ट! कुरडई शाबूत, बापूजी गाल धरून उभे.

"कच्ची काय चावता गा बापूजी!" ताराकाकू म्हणाल्या. "थांबा, कढई आणते."

वावधान आलं तसं गेलं. गच्चीवर गार वारा सुटला. शेगडी आली, कढई आली, तेल तापलं. पहिली कुरडई टाकली, ती फुलून ताटाएवढी झाली. तिचे तुकडे सगळ्यांनी चाखले.

"माहीच!" चौघी एकदम म्हणाल्या.

दुसरी फुललीच नाही, दोरीसारखी कडक राहिली. ती कुणाचीच नव्हती! सहा घरांपैकी एकाही घरानं तिला ओळख दिली नाही.

"खात्रीले अजून एक तळा," वेदिकाची आई म्हणाली.

ही जिऱ्याची, ही हिंगाची, ही आंबट. उन्नती कागदावर रकाने आखून लिहीत होती, दुसऱ्या हातानं खात होती. बापूजींना अखेर बिनमिठाची सापडली. त्यांचा चेहरा असा उजळला! लागोपाठ चार खाल्ल्या. "खात्री करा लागते, पोरी. जिवाचा प्रश्न आहे."

पावणेसातला मधुकररावांनीही एक उचलली. डोळे मिटून चावली. "वा! ही आपली."

"आपली?" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आपल्यात ओवा असते! तीस वर्षं झाले खाऊन राहिले, अन् घरची चव माहीत नाही?"

काका गडबडले. आपली सापडावी म्हणून एक खाल्ली. मग अजून एक. नवव्या कुरडईला ओवा लागला तेव्हा त्यांनी सुटकेचा असा श्वास सोडला की कढईखालची शेगडी विझली!

"चला, आता वाटून टाका," त्यांनी मिशी पुसत फर्मावलं.

उन्नती वाटायला वाकली. चादरीत मूठभर चुरा होता.

कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांच्या बोटांना तेल.

"मंग? आहे का कोणाची तक्रार?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं. तक्रार करणार कोण? ज्याचं तोंड उघडलं, त्यातूनच हिंगाचा वास!

"तक्रार नाही," ताराकाकू हळूच म्हणाल्या. "पण वर्षभर खावाचं काय आता?"

सहा घरं उन्नतीकडे वळली. काकांच्या हातातला दोरा तिच्या मुठीकडे बघत होता. आणि डोक्यानं विचार करायच्या आत तिचं तोंड बोलून मोकळं झालं.

"नवतप्याचे सहा दिवस आहेत अजून! मी करून देते ना! साऱ्याइच्या!"

काय टाळ्या पडल्या! बापूजींनी काठी वाजवली. काकांनी दोरा गुंडाळून खिशात टाकला. "ठेव चावी. पण करूनच दाखवजो."

साडेसातला आई-बाबा लग्नाहून आले. बाबांनी बूट काढून कूलरसमोर पाय पसरले. आई घाम पुसत सोफ्यावर पडली. उन्नती दोघांसमोर, स्टेजवर उभी राहते तशी, हात मागं बांधून उभी राहिली.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतला आहे."

"अरे वा!" बाबा कौतुकानं सावरून बसले. "सायन्स का कॉमर्स?"

"उद्यापासून आपल्या घरी बारा किलो गहू भिजत घालायचे. तीन दिवसांनी वाटायचे, मग चीक घोटायचा. सहा घरचा. बापूजींचा वेगळा, बिनमिठाचा. मी साऱ्या सोसायटीले शब्द दिला."

आई उठून बसली.

"अन् एवढा चीक घोटणार कोण वं?"

"तुम्ही दोघं घोटा ना," उन्नती चावी कुरवाळत म्हणाली. "गच्चीचं मी बघते!"